करार झाला म्हणे. माझ्या मालाचं काय?

मुक्त व्यापार करारांबद्दल प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली आणि त्यातल्या बहुतेकांत एकच प्रश्न: हे करार देशासाठी चांगले की वाईट? त्याचं उत्तर या पानावर मिळणार नाही. माझी उभी नोकरी नागपुरात एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात शिपिंग बिलं भरण्यात गेली. तिथे ‘देशाचा व्यापार’ कधी टेबलावर आला नाही. सूत आलं, तांदूळ आला, मँगनीज आलं, संत्री आली. प्रत्येकाचा कोड निराळा, शुल्क निराळं, आणि एकाच्या सवलतीत दुसऱ्याचा तोटा. म्हणून ज्यांनी आपलं गाव आणि आपला माल सांगितला, त्यांना आधी उत्तर देते.

आमची काटोलजवळ संत्र्याची बाग आहे. दरवर्षी व्यापारी बांगलादेशासाठी आंबिया बहाराचा माल न्यायचा. आता इसार द्यायलाही मागेपुढे पाहतो. बांगलादेशाशी आपला करार आहे असं ऐकतो, मग तिथलं शुल्क वाढलं कसं? त्यात ऑस्ट्रेलियाची संत्री स्वस्तात येणार म्हणतात. बाग तोडून टाकावी का?
— एक बागायतदार, काटोल

भाऊ, कुऱ्हाड बाजूला ठेवा. तुमच्या पत्रात दोन वेगळी दुखणी एकत्र आली आहेत.

पहिलं बांगलादेशाचं. करार आहे. दक्षिण आशियाई देशांचा ‘साफ्टा’ २००६ पासून लागू आहे आणि आपण दोघंही त्यात आहोत. पण अशा करारात प्रत्येक देश एक संवेदनशील यादी स्वतःजवळ ठेवतो. त्या यादीतल्या मालाला सवलत नाही. शिवाय करारात ज्याची कपात ठरते ते मूळ सीमाशुल्क. त्याच्या डोक्यावर बांगलादेश पूरक शुल्क लावतो, नियामक शुल्क लावतो, व्हॅट लावतो, आणि ते करारात मोजलंच जात नाही. मे २०२२ मध्ये त्यांच्याकडे डॉलरची टंचाई झाली, तेव्हा परदेशी फळांवर २० टक्के नियामक शुल्क बसलं. करार मोडला नाही, एक ओळसुद्धा बदलली नाही, आणि तुमचा माल महाग झाला.

किती महाग? २०१९ मध्ये किलोमागे २० रुपयांच्या घरात असलेला बोजा २०२३ पर्यंत ८८ रुपयांवर गेला, असे आकडे तेव्हा वर्तमानपत्रांत सगळीकडे होते. वीस टनांचा एक ट्रक धरा. पूर्वी बेनापोलला, म्हणजे बांगलादेशाच्या सीमेवरच्या नाक्यावर, त्यावर चार लाख भरावे लागत, आता साडेसतरा लाखांच्या वर. कागदावर हे पैसे तिकडचा आयातदार भरतो. प्रत्यक्षात तो आपल्या व्यापाऱ्याचा भाव पाडतो आणि व्यापारी तुमची बाग कमी पैशांत मागतो, नाहीतर मागतच नाही. ट्रक गेला नाही की तोडणीला येणाऱ्या बायांची रोजी बुडते, क्रेट भरणारी आणि प्रतवारी करणारी पोरं घरी बसतात, वरूड-काटोलकडची फळांना मेणाचा लेप देणारी वॅक्सिंग केंद्रं अर्ध्या दिवसात बंद होतात. निर्यात घटली की रोजगार घटतो, हे पुस्तकातलं वाक्य आपल्याकडे असं दिसतं. ही माणसं कोणाच्याच हजेरीपटावर नसतात, म्हणून त्यांचा आकडा कुठल्या अहवालात येत नाही.

२०२३ च्या अखेरीस राज्य सरकारनं या शुल्काच्या निम्म्या रकमेइतकं अनुदान जाहीर केलं. माझ्या मते हा तात्पुरता लेप. अनुदान निर्यातदाराच्या नावावर निघतं. त्यातलं बागेपर्यंत किती झिरपायचं, हे निर्यातदाराच्या मर्जीवर.

राग येण्यासारखी गोष्ट पुढे आहे. २०११ पासून बांगलादेशाचा माल आपल्याकडे जवळजवळ सगळा शुल्काविना येतो. दारू-तंबाखूसारख्या २५ वस्तू सोडल्या तर बाकीचं शून्य. ते अल्पविकसित देशांच्या गटात आहेत म्हणून ही एकतर्फी सवलत. सीताबर्डीत शर्टाच्या कॉलरमागचं लेबल उलटून बघा, ढाक्याचं निघेल. मे २०२५ मध्ये आपण त्यांचे तयार कपडे जमिनीवरच्या नाक्यांवरून बंद केले आणि न्हावा शेवा व कोलकाता या दोन बंदरांतूनच येऊ दिले. ती रुसवाफुगवी झाली, त्यात संत्र्याला काही मिळालं नाही. बांगलादेशानं त्या गटातून बाहेर पडण्याची तारीख २४ नोव्हेंबर २०२६ ठरलेली आहे. गट सुटला की ही सवलत आपोआप हक्काची राहत नाही, नव्यानं बोलणी करावी लागतात. व्यापक कराराची बोलणी सुरू करायचं २०२२ च्या सप्टेंबरात दोन्ही सरकारांनी कबूलही केलं होतं. ती सुरू होतील तेव्हा आपल्या खासदारांनी ‘संत्र्यावरचं शुल्क कमी करा’ एवढंच म्हणून चालणार नाही. ‘मूळ शुल्कासोबत पूरक आणि नियामक शुल्कही कपातीत धरा’ असं लेखी मागायला पाहिजे. नाहीतर पुन्हा तेच.

आता ऑस्ट्रेलिया. त्या करारात संत्री आणि मँडरिन मिळून वर्षाला १३,७०० टनांचा कोटा आहे आणि तेवढ्याच मालावर शुल्क निम्मं होतं. कोट्यापलीकडे पूर्ण शुल्क. सगळा कोटा आला तरी वीस टनी सातशेही ट्रक होत नाहीत. हंगामात कळमना बाजारात तुम्ही उभे राहिला असाल, तिथल्या आवकेपुढे हे काय? तिकडची तोडणी आपल्या उन्हाळ्या-पावसाळ्यात होते, आंबिया दिवाळीच्या आगेमागे येतो आणि मृग फेब्रुवारी-मार्चला. तो माल मॉलमध्ये स्टिकर लावून विकला जातो. तुमचा खरा स्पर्धक पंजाबचा किन्नू आहे, आणि त्याच्यावर कोणतंही सीमाशुल्क लागत नाही!

उलट तुम्ही ऑस्ट्रेलियाला पाठवू शकता का? शुल्काची अडचण नाही. अडचण किडीची आणि फळ टिकण्याची. दरवाजा उघडला तरी क्वारंटाइनवाला उंबऱ्यावर बसलेला असतो. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलंच झालं, पण सैल सालीचं फळ जहाजात आठवडे काढत नाही. अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत एकदा चार शेजारी बागायतदार मिळून जा आणि साठवणुकीबद्दल विचारा. एकट्याला परवडण्यासारखं ते काम नाही.

व्यापारी म्हणतो ऑस्ट्रेलियाच्या कापसानं भाव पाडला. खरं आहे का?
— एक शेतकरी, उमरेड तालुका

व्यापारी अर्धं सांगतो, काकाजी. ऑस्ट्रेलियाचा करार २९ डिसेंबर २०२२ ला लागू झाला. त्यात वर्षाला ५१,००० टन कापूस शून्य शुल्कानं येऊ शकतो. आपली गाठ १७० किलोची, म्हणजे हे झाले तीन लाख गाठी. आपलं पीक तीनशे लाख गाठींच्या आसपास. शंभरात एक. एवढ्यानं उमरेडचा भाव पडत नाही.

भाव कशानं पडला ते सांगते. २०२१ पासून परदेशी कापसावर ११ टक्के शुल्क होतं. १९ ऑगस्ट २०२५ ला सरकारनं ते पूर्ण काढलं. ब्राझील असो की अमेरिका, कोणताही देश, कितीही माल, कोटा नाही. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग लगेच ३१ डिसेंबरपर्यंत. यात कोणताच करार नव्हता. एका अधिसूचनेचं काम. करार करायला वर्षं लागतात आणि त्यावर चर्चा तरी होते. अधिसूचना रात्रीत निघते. म्हणून मी नेहमी सांगते, करारापेक्षा राजपत्रावर नजर ठेवा.

सरकारची बाजूही आहे. २७ ऑगस्टपासून अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं, कपड्यांच्या ऑर्डरी अडकल्या. गिरण्यांना स्वस्त कापूस मिळाला नाही तर बुटीबोरीपासून तिरुप्पूरपर्यंत पाळ्या कमी होणार होत्या. तीही माणसंच. सप्टेंबरपर्यंतची सूट मला पटली असती, तोवर शेतकऱ्याच्या घरात कापूस नसतो. डिसेंबरपर्यंतची नाही पटली. दसरा ते नाताळ ही आपली वेचणी आणि विक्री. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर करायचा आणि त्याच तीन महिन्यांत बाहेरच्या कापसाला दार सताड उघडं ठेवायचं, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर रांग लावून घ्यायची. गिरणी कामगाराला वाचवायचा खर्च सगळ्यांनी मिळून करायला हवा होता. तो तुमच्या गाडीवर टाकला.

हिंगणा एमआयडीसीत विजेच्या सामानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होतो. चीनशी करार झाल्यामुळे ऑर्डर गेल्या असं सांगून मालकानं आम्हाला बसवलं. हे करार होतात तेव्हा आमचा कोणी विचार करतं का?
— एक कामगार, वाडी

दादा, आधी चूक दुरुस्त करू. चीनशी आपला मुक्त व्यापार करार नाही. जो व्हायची शक्यता होती तो ‘आरसेप’, चीनसह पंधरा देशांचा. त्यातून भारत ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये बाहेर पडला. आशिया-पॅसिफिकचा एक जुना करार आहे, त्यात दोन्ही देश आहेत, पण त्यातल्या सवलती किरकोळ. चिनी माल शुल्क भरूनही स्वस्त पडतो, ते त्यांच्या उत्पादनाच्या आकारामुळे आणि त्यांच्या सरकारच्या मदतीमुळे.

तरी तुमचे मालक अगदीच खोटं बोलत नसावेत. आसियान, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या गटाशी आपला वस्तूंचा करार १ जानेवारी २०१० पासून आहे. थायलंड, व्हिएतनाम, मलेशिया, इंडोनेशिया त्यात येतात. तिथून शून्य शुल्कानं येणाऱ्या मालाला एक अट आहे: किमान ३५ टक्के मूल्य त्या प्रदेशात तयार झालं पाहिजे आणि मालाचा कोड बदलेल इतकी प्रक्रिया झाली पाहिजे. आता चीनचे भाग नेऊन, जोडून, डबा बदलून प्रमाणपत्र काढलं तर? असं होत होतं, म्हणून तर २१ सप्टेंबर २०२० पासून नवे नियम आले. आयातदारानं माल कुठे, कसा बनला याची माहिती स्वतःजवळ ठेवायची, पाच वर्षं जपायची, आणि अधिकाऱ्याला शंका आली तर दाखवायची. आमच्यासारख्या कागदवाल्यांचं काम वाढलं, पण गरज होती.

दुसरी गोम उलट्या शुल्काची. तयार वस्तू थायलंडहून शून्यानं येते आणि तीच वस्तू हिंगण्यात बनवायला लागणाऱ्या कच्च्या मालावर मात्र शुल्क भरावं लागतं. म्हणजे इथे बनवणं हाच दंड. थायलंडशी २००४ मध्ये फक्त ८२ वस्तूंपुरती सवलत सुरू झाली होती, पूर्ण करार नव्हताच. तेवढ्यात आपल्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूब बनवणाऱ्यांना घाम फुटला होता. आसियानशी आपली व्यापारी तूट २०१०-११ मध्ये पाच अब्ज डॉलरच्या आसपास होती, २०२२-२३ मध्ये ती त्रेचाळीस अब्जांच्या वर गेली. या आकड्यावरून भाषणं खूप होतात. त्यात पाम तेल आणि कोळसा मोठा आहे, आणि ते आपण करार नसता तरी आणलंच असतं. पण सगळीच तूट पाम तेलाची नाही.

आणि प्रत्येक बंद फाटकामागे करार नसतो हेही नागपूरकरांना सांगायला नको. जमशेदजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली एम्प्रेस मिल सरकारनं चालवूनही २००२ मध्ये संपली. तेव्हा आसियान करार नव्हता. जुनी यंत्रं आणि यंत्रमागाचं स्वस्त कापड पुरेसं होतं.

मालकांना काय करता येईल? परदेशी माल त्यांच्या देशातल्या भावापेक्षा स्वस्तात इथे ओतला जातोय असं वाटलं तर दिल्लीत डीजीटीआरकडे, म्हणजे अशा तक्रारी तपासणाऱ्या केंद्राच्या कार्यालयाकडे, अँटी-डंपिंगचा अर्ज करता येतो. पण अर्जाला देशातल्या एकूण उत्पादनापैकी किमान २५ टक्के माल बनवणाऱ्यांचा पाठिंबा लागतो. हिंगण्यातल्या एका शेडवाल्याला ते जमायचं नाही. विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशनसारख्या संघटनेनं इतर शहरांतल्या उत्पादकांना गाठून मोट बांधली तरच.

तुमचा विचार कोण करतं, या प्रश्नावर मी दोन दिवस अडले. अमेरिकेनं १९६२ मध्येच कायदा केला होता: आयातीमुळे नोकरी गेली हे सिद्ध झालं तर कामगाराला भत्ता आणि नव्या कामाचं प्रशिक्षण. ती योजना २०२२ मध्ये त्यांनीच संपू दिली. आपल्याकडे करारामुळे काम गेलेल्यांसाठी अशी वेगळी तरतूद नाही. करार झाला की किती रोजगार येतील ते सांगतात. स्वित्झर्लंड-नॉर्वेच्या गटाशी झालेल्या करारात तर पंधरा वर्षांत दहा लाख थेट नोकऱ्यांचं उद्दिष्ट लिहिलेलं आहे. किती जातील आणि कोणत्या एमआयडीसीतून, ते कोणी लिहीत नाही. मिळणारी नोकरी चेन्नईच्या पोरीला आणि जाणारी वाडीच्या माणसाची असेल, तर देशाच्या हिशेबात बरोबरी होते. तुमच्या घरी होत नाही.

जे हक्काचं आहे ते मात्र सोडू नका. वर्षभर सलग काम केलं असेल (कायद्यात २४० दिवस म्हणजे वर्ष) तर कामावरून कमी करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन भरपाई. नव्या औद्योगिक संबंध संहितेत कौशल्य निधीसाठी मालकानं आणखी पंधरा दिवसांचं वेतन भरायचं आहे. ठेकेदाराकडून असाल तर ठेकेदाराचं नाव असलेली पगारपावती शोधा, नाहीतर पीएफचा नंबर काढा. तोंडी ‘उद्यापासून येऊ नको’ म्हटलं असेल तर ती तारीख आजच लिहून ठेवा आणि कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा.

नेपाळमध्ये सोयाबीन कुठे पिकतं? मग इतवारीत नेपाळचं रिफाइंड तेल कसं?
— एक किराणा व्यापारी, इतवारी

प्रश्नातच उत्तर आहे, शेठजी. सप्टेंबर २०२४ मध्ये आपण रिफाइंड तेलावरचं शुल्क सगळे अधिभार धरून ३५.७५ टक्क्यांवर नेलं. करारामुळे नेपाळच्या मालाला मात्र शून्य. तिथल्या कारखान्यांनी परदेशी कच्चं तेल आणायचं, शुद्ध करायचं आणि आपल्याकडे पाठवायचं, यात ज्याला कळतं त्याचा फायदा. सोयाबीनवाल्याला वाचवायला लावलेल्या शुल्काला असं भोक पडलं. पुढे ३० मे २०२५ ला आपण कच्च्या तेलाचं मूळ शुल्क २० वरून १० टक्के केलं, त्यानं इथल्या रिफायनऱ्यांना दम मिळाला. सोयाबीन पिकवणाऱ्याला नाही.

मुलगा मिहानमध्ये आयटी कंपनीत आहे, कंपनी त्याला दोन वर्षांसाठी इंग्लंडला पाठवते आहे. ब्रिटनच्या कराराचा त्याला उपयोग होईल?
— एक आई, त्रिमूर्तीनगर

ताई, होऊ शकतो. २४ जुलै २०२५ ला करारावर सही झाली, त्यासोबत सामाजिक सुरक्षेचा वेगळा करार ठरला. थोड्या काळासाठी गेलेल्या कर्मचाऱ्याला, तेव्हा जाहीर झाल्याप्रमाणे, तीन वर्षांपर्यंत तिकडची वर्गणी भरायची नाही, इथला पीएफ सुरू राहील. मात्र सही आणि अंमल यांत अंतर असतं. दुबईचा, म्हणजे संयुक्त अरब अमिरातीचा, करार फेब्रुवारी २०२२ मध्ये झाला आणि मेमध्ये लागू, ऑस्ट्रेलियाचा एप्रिलमध्ये झाला आणि डिसेंबर संपताना. मुलाला जाण्याआधी एचआरकडून लेखी विचारायला सांगा.

आम्ही आठ जणी बचत गटातून संत्रा बर्फी करतो. दुबईत ओळखीचे दुकानदार आहेत, ते मागतात. करारामुळे शुल्क लागणार नाही म्हणे. सुरुवात कुठून करायची?
— बचत गट, कळमेश्वर

आधी करार विसरा. दुबईचं साधारण शुल्कच पाच टक्के. दोन लाखांचा माल गेला तर वाचतील दहा हजार, आणि तेही दुकानदाराचे, तुमचे नाहीत. ते हवेत तर भाव ठरवतानाच बोलून घ्या. त्यासाठी मालासोबत मूळ देशाचं प्रमाणपत्र लागतं, ते डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवरून निघतं. संत्रं, साखर, दूध सगळं इथलंच आहे, त्यामुळे तुमचं प्रमाणपत्र अडायला नको.

अडेल ते दुसरीकडे. पहिलं आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड काढा, फी पाचशे रुपये. बँकेकडून एडी कोड, म्हणजे परकीय चलनाच्या व्यवहारासाठीचा तिचा नंबर, घेऊन कस्टम्समध्ये नोंदवा. एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षेचा) परवाना निर्यातीला चालतो का ते तपासा. बर्फीत खवा आहे म्हणजे दुधाचा पदार्थ, तिकडे आरोग्य प्रमाणपत्र मागतील. लेबलवर अरबी मजकूर, बनवल्याची आणि संपण्याची तारीख छापलेलीच हवी, वरून चिकटवलेली चालत नाही. हे सगळं पहिल्यांदा एकटीनं करू नका, गावातल्या एखाद्या निर्यातदाराच्या मालासोबत पाच-दहा खोकी पाठवून बघा.

आणि मला परत लिहा तेव्हा एक गोष्ट कळवा: फ्रिजशिवाय बर्फी किती दिवस टिकते? प्रयोगशाळेचा कागद असेल तर तोही जोडा. त्यावर विमान की जहाज ते ठरेल, आणि विमानाचं भाडं त्या पाच टक्क्यांपेक्षा बरंच मोठं असतं.